सगळे एकदम का तुटून पडत नाहीत?

१९९०च्या दशकात आपल्याकडच्या व्हिडिओ गेम पार्लरांत एक गेम हमखास असे. जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९९३मध्ये आणलेल्या या गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', पण पोरांच्या तोंडी तो 'मुस्तफा'. चार नायकांतल्या एकाचं ते नाव. मुस्तफा सगळ्यांत चपळ, आणि धावत येऊन त्याने घातलेली लाथ सगळ्यांच्या आवडीची. गेमची कथा काय, हे कुणाला ठाऊक नसे. पडद्यावर पाच-सहा गुंड दोन्ही बाजूंनी येतात आणि मध्ये सापडलं की नाणं वाया जातं, एवढं मात्र पहिल्याच दिवशी कळत असे.

एकट्याने अनेकांशी लढायचं कसं, हा ॲक्शन गेम्समधला फार जुना प्रश्न. गेल्या चाळीस वर्षांत त्याची पुष्कळ उत्तरं निघाली. ती नुसती खेळाडूंनी शोधली असं मानलं तर चित्र अर्धवट राहतं. समोरच्या दहा जणांपैकी एका क्षणी हात किती जणांनी उचलायचा, हे गेम बनवणाऱ्याने आधीच ठरवून ठेवलेलं असतं. खेळाडूचा प्रत्येक डाव हे त्या ठरवण्याला दिलेलं उत्तर असतं. म्हणून एका गेममध्ये वाघ असलेला खेळाडू दुसऱ्या गेममध्ये पहिल्याच चौकात आडवा होतो.

आधी थोडं गणित. समजा, समोर चार गुंड आहेत. प्रत्येकाला लोळवायला तीन फटके लागतात, तुम्ही सेकंदाला एक फटका मारता, आणि उभा असलेला प्रत्येक गुंड सेकंदाला तुमचा एक गुण खातो. चौघांना आळीपाळीने एकेक ठेवून देत बसलात तर पहिला नवव्या सेकंदाला पडतो, शेवटचा बाराव्या, आणि तुमचे ४२ गुण जातात. एकालाच धरून संपवला, मग दुसऱ्याकडे वळलात, तर ३०. चौघांना एकदम झोडपणारं हत्यार असेल तर अवघे १२. आता गुंड आठ करा. एकेकाला धरून मारायची शिस्त पाळली तरी १०८ गुण जातात. संख्या दुप्पट झाली, मार मात्र साडेतीन पटींहून वाढला.

फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने १९१६मध्ये विमानयुद्धावरच्या पुस्तकात हेच सूत्ररूपात मांडलं होतं. सगळ्यांना एकाच वेळी मारा करता येत असेल, तर फौजेचं बळ संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. एकास एक अशी झुंज असेल, तर ते संख्येच्या सरळ प्रमाणात राहतं. खिंड लढवणाऱ्याला हे सूत्र न शिकताच माहीत असतं. गेममधले निम्मे डावपेच म्हणजे वर्गाच्या हिशेबातली लढाई ओढूनताणून सरळ हिशेबात आणण्याची खटपट.

पार्लरमधल्या मारामारीच्या गेम्समध्ये ही खटपट उघड्या डोळ्यांनी दिसते. १९८४च्या 'कुंग-फू मास्टर'मध्ये शत्रू एकाच रेषेवर डावी-उजवीकडून येत. मग योशिहिसा किशिमोटो यांनी १९८६मध्ये 'रेनेगेड' आणि १९८७मध्ये 'डबल ड्रॅगन' आणला आणि रस्त्याला खोली मिळाली. खेळाडू पडद्यावर वर-खालीही चालू लागला. त्यातून एक मोठी पळवाट निघाली. या प्रकारात समोरचा बहुधा तुमच्याच आडव्या रेषेत आल्याशिवाय त्याचा ठोसा लागत नाही. म्हणून पट्टीचा खेळाडू सरळ पुढे जातच नाही. तो तिरका सरकतो, रेषा सोडतो, पुन्हा पकडतो, आणि मागे आलेल्या दोघांना वळसा घालून सगळी टोळी एका अंगाला आणतो. एकदा सगळे एकाच बाजूला आले की एक ठोसा तिघांना लागतो. १९८९च्या 'फायनल फाइट'पासून दुसरी युक्ती रुळली: एकाला धरायचं आणि बाकीच्यांच्या अंगावर भिरकावायचं, म्हणजे शत्रूचाच धोंडा करायचा. आणि अगदीच कोंडी झाली तर दोन बटणं एकदम दाबून गरकन फिरायचं. त्याने सगळे उडतात, पण किंमत म्हणून स्वतःच्या ताकदीचा एक तुकडा मोजावा लागतो. मला हा नियम या प्रकारातला सर्वांत प्रामाणिक नियम वाटतो. सुटका मिळते, पण फुकट नाही.

तिथे आणखी एक शहाणपण चालायचं, ते भित्रेपणाचं. पडदा पुढे सरकला की नवे गुंड येतात. मग सरकूच द्यायचा नाही. आहेत ते संपेपर्यंत पुढे पाऊल टाकायचं नाही. मागे रांगेत उभी असलेली पोरं ओरडायची ती बहुतेक यावरूनच.

'मुस्तफा'च्याच वर्षी, १९९३मध्ये, अमेरिकेत 'डूम' आला आणि प्रश्नाची मांडणी बदलली. आता शत्रू लांबून गोळे फेकत होते, आणि खेळाडू त्यांच्यापेक्षा कितीतरी वेगाने धावू शकत होता. इथे एका जागी उभं राहणं म्हणजे मरण. शत्रूकडे तोंड ठेवून त्याच्याभोवती गोल फिरत गोळ्या झाडायच्या, ही चाल तेव्हापासून अंगवळणी पडली. पण 'डूम'ची खरी देणगी वेगळी आहे. एका जातीच्या राक्षसाने फेकलेला गोळा चुकून दुसऱ्या जातीच्या राक्षसाला लागला, तर तो तुम्हाला सोडून त्याच्यावर उलटतो. मग काम सोपं: दोघांच्या मधोमध यायचं, गोळा सुटेपर्यंत थांबायचं, आणि बाजूला व्हायचं. १९९४च्या 'डूम २'मध्ये 'गॉचा!' नावाची एक पातळी आहे. तिथे गेममधले दोन सर्वांत मोठे राक्षस, सायबरडेमन आणि स्पायडर मास्टरमाइंड, आमनेसामने ठेवलेले आहेत. दोघांशी लढायला जाल तर दारूगोळा संपेल. त्यांची आपसात जुंपवून दिली की उरलेल्याकडे बघायला वेळच वेळ. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ, यावर एक अख्खी पातळी उभी आहे. इतका सुंदर डाव पुढच्या कितीतरी गेम्सनी का सोडून दिला, कोण जाणे. आज बहुतेक ठिकाणी शत्रूची गोळी शत्रूच्या अंगातून आरपार जाते आणि काहीच होत नाही.

आता शीर्षकातल्या प्रश्नाकडे. कॅमेरा नायकाच्या पाठीमागे गेला, त्रिमितीत तलवारी आणि मुठी चालू लागल्या, तेव्हा एक अडचण उभी राहिली. पाठीमागचं खेळाडूला दिसतच नाही. दहा जण खरोखर एकदम तुटून पडले, तर सामान्य खेळाडू पाच सेकंदही टिकणार नाही, आणि का मेलो हेही त्याला कळणार नाही. म्हणून बनवणाऱ्यांनी गुपचूप रांग लावली. २००७च्या 'असॅसिन्स क्रीड'मध्ये ही रांग उघडी पडली होती: सैनिक गोल करून उभे राहतात, एक जण पुढे येतो, मार खातो, मग दुसरा. आपल्या सिनेमातल्या गुंडांची सवय असलेल्या प्रेक्षकाला यात काही वावगं वाटलं नसेल, पण त्यावर टीका पुष्कळ झाली. या व्यवस्थेवर मायकेल डॉ या प्रोग्रामरने 'गेम एआय प्रो' या २०१३च्या ग्रंथात एक लेख लिहिला आहे, तो २०१२च्या 'किंग्डम्स ऑफ अमालूर: रेकनिंग'च्या अनुभवावर. खेळाडूभोवती एक अदृश्य चौकटींची जाळी कल्पायची. प्रत्येक प्राण्याला एक वजन. खेळाडूला एकंदर किती वजन झेपेल याची मर्यादा. लहान प्राणी चार येऊ शकतील, अजस्र राक्षस आला तर तो एकटाच. हल्ल्यांनाही तसंच वजन आणि तशीच मर्यादा. अवघड पातळी निवडली की ही मर्यादा सैल करायची. म्हणजे 'अवघड' म्हणून आपण जे निवडतो, त्यात शत्रू हुशार होतोच असं नाही. रांगेतून जास्त जणांना एकदम सोडलं जातं, एवढंच.

'बॅटमॅन: अर्काम असायलम'ने २००९मध्ये ही रांग लपवायचं सोडून तिचाच ताल केला. हल्ला करणाऱ्याच्या डोक्यावर खूण चमकते, तुम्ही उलटवारीचं बटण दाबता, बॅटमॅन कुठल्याही कोनातून वळून त्याचा हात धरतो. इथे जागा कशी धरायची हा प्रश्नच उरत नाही. दहा जणांच्या मधोमध उभं राहणं उलट सोयीचं, कारण पुढचा फटका कुणाला द्यायचा याची वाण पडत नाही. डाव उरतो तो क्रमाचा. विजेच्या दांडक्यावाल्याला समोरून हात लावता येत नाही, त्याच्या डोक्यावरून उडी मारून पाठीमागून गाठावं लागतं. साखळी तुटू न देता अशा खास माणसांना आधी गाळायचं, एवढीच काय ती अक्कल. दिसायला झकास, आणि मला खेळायलाही आवडतं, पण अनेकांशी लढल्याचं समाधान त्यात थोडं पातळच असतं.

जिथे रांग सैल आहे तिथे कॅमेरा हाच मोठा वैरी. 'डेव्हिल मे क्राय'च्या मालिकेत कॅमेऱ्याबाहेरचे शत्रू सहसा दबून असतात. जाणते खेळाडू याचा उलटा उपयोग करतात: जो नको आहे त्याला चौकटीबाहेर ठेवायचं. २०१८च्या 'गॉड ऑफ वॉर'मध्ये कॅमेरा नायक क्रेटोसच्या खांद्याला इतका चिकटलेला आहे की पाठीमागून येणाऱ्यासाठी बाण दाखवावे लागतात, आणि वर मुलगा अट्रेयस ओरडून सावध करतो. २००८च्या 'निंजा गायडन २'ला मात्र असली दयामाया नाही. तिथे हात किंवा पाय तुटलेला शत्रू मरत नाही, तो तुम्हाला मिठी मारून स्वतःसकट उडवायला धावतो. त्यामुळे वरचं गणित उलटंपालटं होतं. अर्धमेला हाच सर्वांत धोकादायक, म्हणून आधी त्यालाच संपवायचं. त्याला संपवण्याच्या त्या क्षणभराच्या दृश्यात तुम्हाला कुणी इजा करू शकत नाही, त्यामुळे तोच श्वास घ्यायची जागाही ठरतो. एक तुटका, मग दुसरा तुटका, असं पायरी-पायरीने गर्दीतून बाहेर पडायचं.

आणि मग 'डार्क सोल्स'. २०११चा हा गेम हिदेताका मियाझाकी यांच्या हाताखाली तयार झाला आणि त्याने जागेचं महत्त्व पुन्हा पहिल्या ओळीत आणून बसवलं. कॅप्रा डेमनची खोली घ्या. धुक्याच्या दारातून आत पाऊल टाकताच दोन कुत्री आणि दोन अजस्र सुऱ्यांचा राक्षस एकदम अंगावर. खोली इतकी चिंचोळी की गोल फिरायला जागा नाही. नवा माणूस घाबरून मागे सरतो, पाठ भिंतीला लागते, कुत्रं चावून त्याला जागीच अडकवतं आणि सुरा डोक्यात बसतो. सगळा खेळ चार-पाच सेकंदांचा. उपाय खोलीतच आहे: एक जिना. राक्षसाला चुकवून जिना गाठायचा, वर जायचं. कुत्री वेगवान, म्हणून ती राक्षसाच्या आधी पोहोचतात. शत्रूंच्या वेगातला फरक म्हणजे त्यांच्यातलं अंतर, आणि अंतर पडलं की तीन शत्रूंचे आधी दोन आणि मग एक असे दोन हप्ते होतात. वर कुत्री उरकायची, राक्षस खाली आला की कठड्यावरून त्याच्या डोक्यावर उडी मारून घाव घालायचा. हा जिना नसता तर ती खोली निव्वळ छळवाद ठरली असती. असूनही काहींना ती खोली छळवादच वाटते, आणि त्यांचं फारसं चुकतं असंही नाही.

याच गेममध्ये पुढे ऑर्नस्टीन आणि स्मॉग ही जोडगोळी भेटते. एक भालाईत, सपकन अंगावर येणारा. दुसरा घणवाला, अगडबंब. दालनात खांब आहेत, आणि खांब मध्ये ठेवून फिरत राहिलं की दोघांपैकी एक अडतो. पण खरी मेख पुढे. एक मेला की उरलेला त्याची शक्ती आत्मसात करतो आणि पूर्ण ताकदीनिशी पुन्हा उभा राहतो. कुणाला आधी मारायचं, हा प्रश्न इथे कोण सोपा असा नसतो. शेवटी एकट्याने कुणाला तोंड द्यायची तुमची तयारी आहे, असा असतो. भालाईत आधी मारणं बहुतेकांना पटतं, कारण दोघे असताना खरा त्रास वेगवानाचाच. शिवाय एकावर नजर खिळवण्याची सोय इथे घातकी ठरते. ज्याच्यावर कॅमेरा बांधला तो दिसतो, दुसरा पाठीत घुसतो. दोघांशी लढताना ती सोय सोडून मोकळ्या कॅमेऱ्याने फिरायला शिकणं, हा या गेममधला खरा उंबरठा.

आधी कुणाला, यावर खेळाडू रात्र-रात्र वाद घालतात. त्याचंही एक नेटकं उत्तर आहे, आणि ते कारखान्यांच्या अभ्यासातून आलं आहे. यंत्र एक आणि कामं अनेक असतील तर कुठलं काम आधी घ्यावं, यावर डब्ल्यू. ई. स्मिथ यांनी १९५६मध्ये नियम दिला: कामाचं महत्त्व भागिले त्याला लागणारा वेळ, आणि ज्याचा भागाकार मोठा ते आधी. महत्त्वाच्या जागी शत्रू दर सेकंदाला करतो ते नुकसान ठेवा. नेमबाज सेकंदाला ६ गुण खातो, २ सेकंदांत मरतो: भागाकार ३. कुत्रा २ गुण खातो, एका सेकंदात मरतो: भागाकार २. चिलखती राक्षस १० गुण खातो, मरायला १० सेकंद घेतो: भागाकार १. तेव्हा आधी नेमबाज, मग कुत्रा, शेवटी राक्षस, नुकसान १४८. राक्षस भयंकर दिसतो म्हणून त्याच्यापासून सुरुवात केली, मग नेमबाज आणि शेवटी कुत्रा, तर १९८.

हा नियम कुठे मोडतो ते पाहण्यात जास्त मजा आहे. जो शत्रू इतरांचं मोलही बदलतो, तो भागाकारात मावत नाही. 'डूम २'मधला आर्च-व्हाइल मेलेल्यांना उठवतो. तो जिवंत असेपर्यंत तुमचा प्रत्येक फटका उसना. २००१च्या 'हेलो'मध्ये एलीट हा म्होरक्या पडला की भोवतीचे बुटके ग्रंट हात वर करून पळत सुटतात, म्हणजे तिथे म्होरक्याला मारणं हे पाच जणांना मारण्यासारखं. याउलट २००८च्या 'लेफ्ट ४ डेड'मधला बूमर अंगाजवळ फुटला की त्याची घाण तुमच्यावर उडते आणि झोंबींचा लोंढा तुमच्याकडेच वळतो. त्याला आधी मारायचं हे खरं, पण लांबूनच. जवळ आला असेल तर ढकलून दूर करायचं आणि मग.

वेळ विकत घेणं हा आणखी एक मार्ग, आणि त्याचा सर्वोत्तम धडा २००५च्या 'रेझिडेंट ईव्हिल ४'च्या गावात मिळतो. कुऱ्हाडी-कोयते घेतलेले गावकरी चहूबाजूंनी येतात, गोळ्या मोजक्या. पिस्तुलाच्या गोळीने त्यांना मारत सुटलात तर दोन मिनिटांत खिसा रिकामा. शहाणा खेळाडू सर्वांत पुढच्याच्या डोक्यात किंवा गुडघ्यावर एकच गोळी घालतो. तो झोकांडतो, मग जवळ जाऊन नायक लिऑनची फिरती लाथ, आणि ती त्याच्यासकट आजूबाजूच्या तिघा-चौघांना लोळवते. लाथ चालू असताना लिऑनला काही होत नाही. म्हणजे एका गोळीत चौघे काही सेकंदांसाठी लढाईबाहेर. घरात शिरून खिडकीला लावलेल्या शिड्या ढकलणं हाही त्याच जातीचा डाव. तेवढ्यात करवत घेतलेला माणूस येतो आणि हे सगळं व्याकरण मोडतो, कारण तो एका फटक्यात मुंडकं उडवतो. पण गर्दी पुरेसा वेळ झेलली की चर्चची घंटा वाजते आणि गावकरी हत्यारं टाकून निघून जातात. सगळ्यांना मारायची गरजच नव्हती, हे पहिल्या वेळी कुणाला सुचत नाही.

२०१६च्या 'डूम'ने आणि २०२०च्या 'डूम इटर्नल'ने उलटी खोड काढली. त्यात हवं ते शत्रूंच्या अंगातून मिळतं: झोकांडलेल्याला हातांनी संपवलं की ताकद, करवतीने कापलं की दारूगोळा, आणि 'इटर्नल'मध्ये पेटवलं की चिलखत. मग दुबळ्या शत्रूंना झटपट मारून टाकणं वेडेपणा ठरतं. ते फिरतं कोठार आहे, गरज लागेल तसं उघडायचं. गर्दीत घुसणं हाच बचाव. आडोशाला दडून ताकद भरून येण्याची वाट बघायला शिकवणाऱ्या गेम्सची सवय लागलेल्यांना हे फार जड गेलं.

झुंडीच्या गेम्सबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. 'डायनॅस्टी वॉरियर्स २'पासून (२०००) शेकडो शिपाई गवतासारखे कापले जातात आणि लक्ष फक्त सरदारांवर ठेवायचं असतं. २०२२च्या 'व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स'मध्ये तर वार आपोआप होतात, तुम्ही नुसतं चालायचं. पण ते चालणं मोलाचं: झुंडीला मागे ओढत मोठा वळसा घ्यायचा, तिचा गठ्ठा करायचा, आणि फट बुजायच्या आत निसटायचं. १९८२च्या 'रोबोट्रॉन: २०८४'मध्ये नेमकं हेच करावं लागे.

हे सगळं यंत्राने चालवलेल्या शत्रूंचं. आपल्याकडची आजची पोरं मात्र बहुतांशी माणसांशी लढतात, फोनवर. २०२०मध्ये पबजी मोबाइलवर बंदी आली, २०२१मध्ये त्याच्या जागी बीजीएमआय आला. त्यात आपले तिघे पडले आणि समोर चौघे उभे, अशा स्थितीतून जिंकण्याला 'क्लच' म्हणतात. तिथे कुणी रांग लावलेली नसते. चौघे खरोखर एकदम येतात, आणि लँचेस्टरचा वर्ग पुरता लागू होतो. पण माणसांचे म्हणून काही कच्चे दुवे असतात. गोळी लागलेला खेळाडू लगेच मरत नाही, 'नॉक' होऊन रांगू लागतो, आणि सोबती काही सेकंद जवळ बसून त्याला उठवू शकतो. म्हणून कसलेला एकटा खेळाडू एकाला नॉक केल्यावर त्याला संपवायला गोळ्या घालवत नाही. तो तसाच पडलेला बरा. त्याला उठवायला दुसरा वाकला की चारांचे दोन झाले, आणि तो कुठे वाकणार हेही ठाऊक झालं. ग्रेनेड तिथेच पडतो. मात्र गोळीबाराच्या आवाजाने तिसरी टोळी वाट वाकडी करून येतेच. त्यामुळे ग्रेनेड फुटल्याबरोबर, तो लागला की नाही हे बघायलाही न थांबता, खेळाडू भिंत बदलतो.